हरकत असल्यास दुपारपर्यंत कळवावे

राजदूतसाहेबांना कचेरीत सगळे पाठीमागे ‘तूर्तास’ म्हणत. शिपायापासून उपराजदूतापर्यंत सगळे. तूर्तास आले का, तूर्तासांचा आज मूड कसा आहे, असं चालायचं. साहेबांना हे ठाऊक होतं आणि मनातून त्यांना त्याचं कौतुकच वाटे. उभ्या नोकरीत त्यांनी एकही वाक्य असं उच्चारलं नव्हतं की ज्यातून मागे फिरायला वाट नाही. बाहेर पाऊस पडतोय का, असं कोणी विचारलं तरी ते खिडकीतून बघून घेत आणि म्हणत, ‘तूर्तास तसं दिसतंय.’ ‘नाही’ हा शब्द तर त्यांच्या तोंडून कोणी ऐकलाच नव्हता. नकार द्यायचा झाला की ते म्हणत, ‘आपल्या सूचनेचं मोल आम्ही जाणतो,’ आणि समोरचा माणूस खूश होऊन रिकाम्या हातांनी घरी जाई.

या गुणाची किंमतही त्यांनी मोजली होती, नाही असं नाही. तरुणपणी एका देशात तिथल्या मंत्र्याने त्यांना स्वतःच्या हातचं करड्या रंगाचं सूप वाढलं. ते कसं लागलं हे सांगायला साहेबांनी ‘अविस्मरणीय’ हा शब्द वापरला. झालं. त्या देशातून बदली होईपर्यंत प्रत्येक मेजवानीत मंत्री आठवणीने ते सूप करवून घेई आणि साहेबांना दोनदा वाढी. बाईसाहेबांनाही ते प्यावं लागे. बाईसाहेब म्हणजे साहेबांची बायको. तिचा यात काडीचा दोष नव्हता, पण नवऱ्याच्या विशेषणांची फळं बायकोला भोगावी लागतात, त्याला इलाज नाही.

साहेबांचं नाव झालं ते मात्र एका बड्या परिषदेत. अशा परिषदांमध्ये एक पद्धत असते. मसुदा सगळ्या देशांना वाटतात आणि सांगतात, हरकत असल्यास अमुक वेळेपर्यंत कळवावे. वेळ टळली आणि कोणी तोंड उघडलं नाही, तर मसुदा मंजूर. हात वर करणं नाही, मतदान नाही. गप्प बसलात म्हणजे हो म्हणालात. साहेबांनी मासेमारीचा एक करार असाच काढून नेला. विरोधी देशाचा प्रतिनिधी त्या वेळी दाताच्या डॉक्टरकडे तोंड उघडून बसला होता. दात उपटून गाल धरून तो परत आला तोवर करार पक्का झाला होता. साहेबांना बढती मिळाली. तेव्हापासून माणसाच्या गप्प बसण्यावर त्यांची अपार श्रद्धा बसली.

आता साहेब निवृत्तीला टेकले होते. निवासस्थानाच्या दिवाणखान्यात खोक्यांच्या रांगा लागल्या होत्या. बाईसाहेबांनी आजवर इतकी घरं मांडली आणि सोडली होती की सामान बांधणारी माणसं तिलाच विचारून गाठ मारत. दरवेळी खोक्यांवर पुढच्या देशाचं नाव असे. या वेळी तिने जाड पेनाने पहिल्यांदाच लिहिलं, ‘घर’. स्वतःच्या गावात, स्वतःचा फ्लॅट, स्वतःच्या उंचीचा ओटा. सरकारी निवासस्थानांतले ओटे तिला कायम एक तर छातीशी यायचे नाही तर गुडघ्याशी. नव्या ओट्याची उंची तिने स्वतः भिंतीशी उभं राहून गवंड्याला दाखवली होती.

आणि नेमका अशा वेळी मुख्यालयातून सचिवांचा फोन आला.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की मोठ्या राजधानीतली जागा अचानक रिकामी झाली आहे आणि साहेबांना मुदतवाढ देऊन तिथे पाठवावं असा विचार आहे. मोठी राजधानी म्हणजे या धंद्यातला मानाचा पाट. साहेब आयुष्यभर त्या पाटाकडे बघत आले होते आणि दरवेळी त्यावर दुसराच कोणी येऊन बसत होता. एकदा तर त्यांच्याहून ज्युनिअर माणूस बसला, आणि त्याच्या अभिनंदनाची तार साहेबांनीच सुंदर भाषेत लिहून दिली. आता तो पाट त्यांच्यापुढे मांडला जात होता. सचिव म्हणाले, घरी विचारा आणि उद्या सांगा.

घरी विचारा! साहेबांनी रात्रभर मनात मसुदा घोळवला. सकाळी न्याहारीच्या टेबलावर वर्तमानपत्राची घडी घालून त्यांनी घसा साफ केला आणि म्हणाले, ‘निवृत्तीच्या वेळापत्रकात थोडी लवचिकता आणावी, असा एक विचार वरच्या पातळीवर चालू आहे. तूर्तास प्राथमिक स्वरूपाचा. मोठ्या राजधानीच्या संदर्भात. तुझी काही हरकत असेल तर दुपारपर्यंत सांग, म्हणजे तसं कळवता येईल.’

बाईसाहेब पावाला लोणी लावत होती. तिने लोणी कडेपर्यंत नीट पसरलं, पाव खाल्ला, कप विसळून ठेवला आणि सामान बांधायला निघून गेली. तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखी, एक अक्षर नाही.

दुपार झाली. साहेब कचेरीत फोनकडे बघत बसले होते. घरून फोन नाही, चिठ्ठी नाही, ड्रायव्हरबरोबर निरोप नाही. जेवणाची वेळ उलटली तसे साहेब टवटवीत झाले. मसुदा मंजूर. त्यांनी मुख्यालयाला होकार कळवून टाकला आणि उपराजदूताला सहज बोलावून मोठ्या राजधानीतल्या हवामानाबद्दल दोन वाक्यं ऐकवली.

आता कुठल्याही लग्न झालेल्या माणसाला विचारा, बायको गप्प बसली तर त्याचा अर्थ काय? भाजीवाल्याला कळतं, शेजाऱ्याला कळतं. पण परिषदांमध्ये केस पांढरे केलेल्या या माणसाला ते कळलं नाही. सगळ्या जगाला कोळून प्यालेला मुत्सद्दी स्वतःच्या टेबलावर असा गाफील राहिला.

संध्याकाळी त्यांनी बातमी सांगितली तेव्हा बाईसाहेब म्हणाली, ‘छान झालं. अभिनंदन.’ आणि तिने सामान बांधणाऱ्यांना हाक मारून बांधलेली सगळी खोकी पुन्हा उघडायला लावली.

दुसऱ्या दिवशी साहेब घरी आले तर दिवाणखान्याचे दोन भाग झाले होते. डावीकडच्या खोक्यांवर लिहिलं होतं ‘ते’, उजवीकडच्यांवर ‘मी’. वाटणी अगदी न्यायाने झालेली होती, त्यात बोट ठेवायला जागा नव्हती. दोन दिव्यांतला एक इकडे, एक तिकडे. सहा कपांतले तीन-तीन. साहेबांची रक्तदाबाची औषधं वर्षभर पुरतील अशी बांधून, वर कधी घ्यायची ते लिहून ‘ते’मध्ये. किटलीपाशी मात्र घोडं अडलं होतं. सामान बांधणारा ती हातात धरून उभा होता आणि त्याने साहेबांना विचारलं, ही कोणाच्या बाजूला? साहेबांनी आयुष्यात सीमावाद कमी पाहिले नव्हते, पण किटलीकडे बघून त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. ते म्हणाले, तूर्तास टेबलावरच राहू दे.

त्यांनी ताबडतोब वाटाघाटी सुरू केल्या. बायकोसमोर जाऊन ते म्हणाले की काही मुद्द्यांवर गैरसमज झालेला दिसतो. ती म्हणाली, गैरसमज अजिबात नाही, मला सगळं नीट समजलंय, तुम्ही निवांत जा. तुझ्या काही अपेक्षा असतील तर त्यांवर सकारात्मक विचार होऊ शकेल, असंही त्यांनी सुचवून पाहिलं. ती म्हणाली, ‘माझी काही हरकत नाही.’ हे वाक्य तिने इतक्या गोडीने उच्चारलं की साहेबांची पाचावर धारण बसली. मंत्री एवढे गोड बोलायला लागले की त्यांच्या देशात दुसऱ्या दिवशी फौजा हलतात, हा त्यांचा अनुभव होता.

मग त्यांनी लेकीला फोन लावला. लेक दुसऱ्या शहरात नोकरी करत होती आणि लहानपणापासून दर तीन वर्षांनी शाळा बदलून बदलून तिची जीभ चांगली तिखट झाली होती. आईशी बोलून मध्यस्थी कर, असं साहेबांनी आडवळणाने सुचवलं. ती म्हणाली, ‘बाबा, तुम्ही आईला नक्की काय म्हणालात, ते शब्द सांगा.’ साहेबांनी शब्द सांगितले. पलीकडे ती इतका वेळ हसत राहिली की साहेबांना वाटलं फोन बिघडला. शेवटी ती म्हणाली, मी यात पडणार नाही, मी तटस्थ राष्ट्र आहे, आणि तिने फोन ठेवला.

त्या आठवड्यात निरोपाचा समारंभ होता. आणि इथे एक गुपित सांगायला हवं. साहेबांना चेहरे लक्षात राहत नसत. नावं, करार, तारखा, कलमं, सगळं तोंडपाठ, पण माणूस समोर आला की पाटी कोरी. राजदूताला हा रोग म्हणजे गवयाला बहिरेपणा. तरीही हे आजवर कोणालाही कळलं नव्हतं, कारण प्रत्येक समारंभात बाईसाहेब त्यांच्या डाव्या कोपराशी उभी असे आणि हसऱ्या चेहऱ्याने, ओठ न हलवता पुटपुटत असे. ‘निळा टाय, बंदरखातं, बायको पडली होती, विचारा.’ साहेब लगेच त्याच्या बायकोच्या पायाची चौकशी करत, आणि बंदरखात्याचा माणूस गहिवरून जाई. असा जिव्हाळ्याचा राजदूत पाहिला नाही, असं जिथे तिथे बोललं जाई.

त्या संध्याकाळी बाईसाहेब समोरच्या खिडकीपाशी चार बायकांत उभी राहिली. साहेबांचा डावा कोपर उघडा पडला.

पहिल्याच पाच मिनिटांत साहेबांनी एका ब्रह्मचारी नौदल अधिकाऱ्याला त्याची जुळी मुलं कशी आहेत म्हणून विचारलं. एका मंत्र्याचं नव्या जबाबदारीबद्दल भरघोस अभिनंदन केलं, आणि त्याला मंत्रिमंडळातून आदल्याच दिवशी डच्चू मिळालेला होता. एका वयस्क बाईंशी त्यांच्या दिवंगत वडिलांच्या थोर कार्याबद्दल ते बराच वेळ बोलले. ते दिवंगत वडील वस्तुतः त्या बाईंचे यजमान होते आणि शेजारीच खुर्चीत बसून कान देऊन ऐकत होते. उपराजदूत घामाघूम होऊन मागून सारवासारव करत फिरत होता.

साहेबांनी मदतीसाठी खिडकीकडे पाहिलं. बाईसाहेब कशाला तरी खळखळून हसत होती. साहेब समोरच्या पाहुण्याला विसरून तिच्याकडेच बघत राहिले. नावं कोण सांगणार, हा प्रश्न नव्हता. नावं सांगायला माणूस ठेवता येतो. पण प्रत्येक समारंभानंतर, पाहुणे गेले की दोघं सोफ्यावर बूट-चपला काढून बसत आणि पाहुण्यांच्या नकला करत. बाहेर जपून बोलणारा हा माणूस त्या अर्ध्या तासात वाट्टेल ते बोले, आणि ती डोळे पुसत पुसत हसे. आजच्या या दिवंगत वडिलांची गोष्ट ती ऐकेल तर हसून लोळेल, असं त्यांच्या मनात आलं, आणि मागोमाग हेही आलं की मोठ्या राजधानीत हे सांगायला सोफ्यावर कोणी नसेल. तिच्यावाचून त्यांना करमणार नव्हतं. इतकं साधं होतं ते, आणि ते कळायला त्यांना सगळी नोकरी लागली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते घरातल्या अभ्यासिकेत मुख्यालयाला फोन करायच्या तयारीने बसले. मोठ्या राजधानीला जायचं नाही, हे त्यांचं ठरलं होतं. प्रश्न फक्त शब्दांचा होता. ते मोठ्याने घोळवून बघू लागले, ‘कौटुंबिक कारणास्तव... पत्नीच्या प्रकृतीचा विचार करता...’

‘माझी प्रकृती ठणठणीत आहे,’ दारातून आवाज आला. बाईसाहेब चिकटपट्टी शोधायला आली होती. पट्टी टेबलाच्या खणातून घेत ती म्हणाली, ‘नव्या देशात राजदूत पाठवायच्या आधी तिथल्या सरकारची संमती घेतात ना हो?’

‘घ्यावीच लागते. नाव जाहीर होतं ते त्यानंतरच. माझं अजून जायचंय तिकडे.’

‘चांगली पद्धत आहे,’ ती म्हणाली. मग चिकटपट्टीचं टोक नखाने उकलत तिने पुढचं सांगितलं. ‘एक लक्षात ठेवा. तुम्ही जा किंवा राहा, पण माझ्या नावावर काही घालू नका. इतकी वर्षं तुम्ही मला सांगत आलात, सरकारने ठरवलं. आणि सरकारला सांगत आलात, घरी विचारतो. तुम्ही स्वतः कुठे होतात, ते मला अजून सापडलेलं नाही.’

ती गेली. साहेब बराच वेळ फोनवर हात ठेवून बसले. तिचं बोलणं त्यांना लागलं होतं, आणि लागलं होतं कारण ते खरं होतं. मग त्यांनी फोन लावला.

सचिवांनी मोठ्या उत्साहाने विचारलं, काय म्हणताय, कधी निघताय?

‘नाही,’ साहेब म्हणाले. शब्द बाहेर पडला तसा त्यांनाच तो चमत्कारिक वाटला, जसा काही दुसऱ्याचा चष्मा घातला आहे.

सचिव खो-खो हसले. म्हणाले, समजलं, समजलं, तिथल्या निवासस्थानाची डागडुजी राहिली आहे, ती करून देतो.

‘तसं नाही. मी जाणार नाही.’

सचिव म्हणाले, मानलं तुम्हाला, शेवटच्या नेमणुकीतही घासाघीस सोडत नाही. बरं, दुसरी गाडी देतो. साहेबांनी पुन्हा नाही म्हटलं. सचिवांनी मुदत वर्षाने वाढवली. साहेबांनी पुन्हा नाही म्हटलं. सचिवांनी आवाज खाली आणून विचारलं, निवृत्तीनंतर एखाद्या समितीचं अध्यक्षपद वगैरे मनात आहे का, म्हणजे मोकळेपणाने बोलू. साहेब कपाळाला हात लावून बसले. आयुष्यभर ज्याने कधी नाही म्हटलं नाही, त्याच्या नाहीवर विश्वास कोण ठेवणार? प्रत्येक नकाराला भाव चढत होता. आणखी दोनदा नाही म्हटलं असतं तर बहुधा त्यांना सचिवांचीच खुर्ची मिळाली असती.

‘ऐका,’ साहेब शेवटी म्हणाले. ‘मला जायचं नाही. मला. सरकारला नाही, बायकोला नाही, मला. मला माझ्या बायकोबरोबर राहायचं आहे.’

मग सचिवांनी हळूच विचारलं, ‘हे तूर्तास ना?’

‘कायमचं,’ साहेब म्हणाले आणि फोन ठेवला. त्यांच्या शर्टाची पाठ घामाने चिकटली होती. लढाई जिंकल्यासारखे ते ताठ मानेने दिवाणखान्यात आले.

बाईसाहेब खाली सतरंजीवर बसून कप कागदात गुंडाळत होती. साहेब जवळच्या खोक्यावर बसले आणि फोनवर झालेलं बोलणं त्यांनी तिला सांगितलं. डागडुजी, दुसरी गाडी, अध्यक्षपद, सगळं. शेवटचं वाक्यही सांगितलं, शब्दन् शब्द, कान लाल करून.

तिने हातातला कप खाली ठेवला. काही वेळ ती कागदच सारखा करत राहिली. तिचे डोळे भरून आले होते, आणि ते लपवायचा तिने प्रयत्न केला नाही.

‘मोठ्या राजधानीतल्या त्या घराला मागे बाग आहे म्हणे,’ ती म्हणाली.

‘आहे. मोठी आहे.’

‘मला आवडली असती हो. मी आले असते. त्या दिवशी सकाळी मी वाट बघत होते. अख्खा पाव खाऊन होईपर्यंत वाट बघितली. तुम्ही नुसतं एवढंच म्हणायचं होतं, येशील का?’

हातची मोठी राजधानी गेली होती, ती परत मागता येण्याजोगी राहिली नव्हती, आणि ती कशापायी गेली तर दोन शब्दांपायी. ते खिन्न हसले. मग त्यांचं लक्ष समोरच्या खोक्यांकडे गेलं. डावीकडे ‘ते’. उजवीकडे ‘मी’. एकाएकी त्यांच्या ध्यानात आलं की आपण पुन्हा तीच चूक केली आहे. मोठ्या राजधानीला नाही म्हटलं, ते बरोबर. पण त्या नव्या फ्लॅटमध्ये, त्या ओट्याच्या घरात, तिच्याबरोबर राहायचं हेही आपणच ठरवलं आणि मुख्यालयाला कळवूनसुद्धा मोकळे झालो. तिला कुठे विचारलं?

एवढी भीती त्यांना कुठल्या मंत्र्यापुढे वाटली नव्हती, कारण तिथे उत्तर काय येणार हे त्यांना आधीच ठाऊक असायचं.

‘मी घरी येऊ का?’ त्यांनी विचारलं. ‘तुझ्याबरोबर?’

बाईसाहेबांनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. ‘विचारताय, की कळवताय?’

‘विचारतोय.’

तिने लगेच उत्तर दिलं नाही. साहेब थांबले. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं नाही, घसा साफ केला नाही, की तिच्या वतीने काही गृहीत धरलं नाही.

‘या,’ ती म्हणाली. ‘पण आधी त्या खोक्यावरून उठा. आत काच आहे.’